स्कॉटलंडच्या हायलंड्समध्ये संध्याकाळी सहानंतर काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला. जूनच्या मध्यावर तुम्ही पाच रात्री हायलंड्समध्ये आहात: दोन इन्व्हर्नेसला, दोन स्काय बेटावर पोर्ट्रीला आणि एक फोर्ट विल्यमला. गाडी भाड्याची, चालवणार तुमचे मिस्टर. सोबत एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई आणि अकरा वर्षांचा मुलगा. मिस्टरांना एखादी स्कॉच आवडते, बाकी कुणी पीत नाही. आधी जाऊन आलेल्या ओळखीच्यांनी सांगितलंय की तिकडे सहा वाजले की सगळं बंद, खोलीत बसून पत्ते खेळायचे. म्हणून तुम्ही विचारताय, दोन रात्री कमी करून एडिंबरोला द्याव्यात का?

नका देऊ. गेले चौदा उन्हाळे मी आपल्याकडचे ग्रुप घेऊन त्या भागात जातोय. ‘सहानंतर सगळं बंद’ हे वाक्य दरवर्षी कानावर येतं, आणि ते म्हणणाऱ्यांना मी खोटं ठरवणार नाही. त्यांना जे दिसलं ते खरंच तसं असतं. दुकानं पाच-साडेपाचला मिटतात, किल्ले आणि डिस्टिलऱ्या पाचला शेवटची माणसं बाहेर काढतात, मग गावाचा रस्ता ओस पडतो. फक्त तिथली संध्याकाळ रस्त्यावर नसतेच, ती आत असते. पबच्या मागच्या खोलीत, गावाच्या हॉलमध्ये, नाट्यगृहात. नाहीतर थेट गावाबाहेर, समुद्राच्या टोकावर. जेवण झाल्यावर ‘चला, बघू काय चालू आहे’ म्हणून निघणाऱ्याला ती सापडत नाही. सकाळी चहा पिताना ठरवणाऱ्याला सापडते. मला सांगायचं ते मुख्यतः एवढंच. ते कसं ठरवायचं, हे आता नीट सांगतो.

आधी या मुलखाचा आवाका लक्षात घ्या. हायलंड कौन्सिलचा प्रदेश सुमारे २५,६५० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या दीडपटीहून जास्त. आणि तिथे माणसं राहतात अडीच लाखांच्या आतच. एवढ्या विरळ वस्तीत रोज रात्री गजबज राहील असा बाजार उभाच राहू शकत नाही. त्यामुळे करमणूक रोजची नसते, वारावर असते. एका गावात बुधवारी, पलीकडच्या गावात शुक्रवारी. तुमच्या पाच रात्रींना कोणत्या गावी कोणता वार येतोय, यावर निम्मं उत्तर अवलंबून आहे. तारखा तुम्ही लिहिल्या नाहीत, म्हणून नेमका तक्ता करून देता येणार नाही. पण तो कसा करायचा ते दाखवतो.

तिथे संध्याकाळी तीन घड्याळं चालतात आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

पहिलं सूर्याचं. इन्व्हर्नेस ५७ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर आहे. जूनच्या मध्यात सूर्यास्त रात्री सव्वादहाच्या सुमारास आणि सूर्योदय पहाटे साडेचारच्या आत. मधल्या वेळातही पूर्ण काळोख पडतच नाही, क्षितिजावर फिकट उजेड राहतो. म्हणजे आपण ज्याला संध्याकाळ म्हणतो ती तिथे चार-पाच तासांची असते.

दुसरं घड्याळ स्वयंपाकघराचं, आणि आपल्या लोकांची फसगत इथेच होते. बाहेर लख्ख ऊन असतं, अजून पाचच वाजलेत असं शरीराला वाटतं, आणि हॉटेलचं किचन साडेआठ-नऊला शेवटची ऑर्डर घेऊन बंद होतं. बार पुढे चालू राहतो, पण चिप्सच्या पाकिटापलीकडे खायला काही मिळत नाही. माझ्या पहिल्याच वर्षी मी अठरा जणांना स्कायच्या पश्चिम टोकाला सूर्यास्त दाखवायला नेलं. सूर्यास्त अप्रतिम झाला. साडेअकराला हॉटेलवर परतलो तर किचन तीन तासांपूर्वी बंद झालेलं. त्यात मधुमेहाचे दोन रुग्ण होते. एका काकूंनी आणलेल्या भडंगावर आणि बिस्किटांवर ती रात्र काढली. चूक हॉटेलची नव्हती, किचनची वेळ दारावर लिहिलेली होती. ती मी सकाळी वाचायला हवी होती. तेव्हापासून प्रत्येक मुक्कामी पोचल्यावर माझा पहिला प्रश्न ‘किचन किती वाजता बंद होतं?’ हाच असतो. वायफायचा पासवर्ड त्यानंतर.

तिसरं घड्याळ परवान्याचं, आणि तुमच्या घरात अकरा वर्षांचा मुलगा असल्यामुळे तुमच्यासाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं. स्कॉटलंडमध्ये पबमध्ये मुलांना येऊ द्यायचं का, कोणत्या खोलीत आणि किती वाजेपर्यंत, हे त्या त्या जागेच्या परवान्यात लिहिलेलं असतं. कुठे आठपर्यंत, कुठे नऊ, कुठे दहा, कुठे फक्त जेवत असाल तोवर. आणि संगीत बऱ्याच ठिकाणी नऊलाच सुरू होतं. म्हणजे वादक पेट्या उघडत असतात आणि तुम्हाला मुलाला घेऊन उठावं लागतं. यात मालकाचा आडमुठेपणा नसतो, परवाना त्याचा पणाला लागलेला असतो, म्हणून तिथे हुज्जत घालू नका. दुपारीच फोन करून दोन गोष्टी विचारा: आज संगीत किती वाजता आहे, आणि अकरा वर्षांच्या मुलाला किती वाजेपर्यंत बसू देता? तुमची खरी अडचण ‘करमणूक नाही’ ही नाहीच. करमणूक आणि मुलगा यांची वेळ जुळवणं, ही आहे.

आता संगीताबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते हायलंड्समध्ये जाऊन एक तरी ‘सेशन’ न ऐकता परत येणं म्हणजे पंढरपूरला जाऊन भजन न ऐकता येण्यासारखं आहे.

सेशन म्हणजे कार्यक्रम नव्हे. मंच नाही, तिकीट नाही, निवेदक नाही. पबच्या एका कोपऱ्यात टेबलाभोवती पाच-सात जण बसतात. फिडल (म्हणजे व्हायोलिनच), अकॉर्डियन, टिनची बासरी, गिटार, कधी बोधरान नावाचा हाताने धरायचा चामड्याचा डफ. यात मानधन घेणारे एखाद-दोन असतात, बाकी कुणी शाळेत शिकवणारा, कुणी मासेमारी करणारा, कुणी सुट्टीवर आलेला. एकजण धून सुरू करतो, ज्याला येते तो तिच्यात शिरतो. दोन-तीन धुना एकामागोमाग जोडून वाजवतात, प्रत्येक धून दोन-तीन वेळा फिरवतात, आणि पुढची धून कधी घ्यायची ते नुसत्या नजरेने ठरतं. आपल्याकडे भजनी मंडळात बुवांनी मान हलवली की मृदंगवाला लग्गी सुरू करतो, अगदी तसं. ‘जिग’चा सहा मात्रांचा ठेका दादऱ्यावर वाढलेल्या कानाला लगेच ओळखू येतो. ‘रील’ चारचारांत पळते. ‘स्ट्रॅथस्पे’ हा संथ, झटके देत चालणारा प्रकार. त्याचं नावच हायलंड्समधल्या स्पे नदीच्या खोऱ्यावरून पडलंय, आणि त्यातला आखूड-लांब स्वरांचा झटका एकदा कानात बसला की पुढे कुठेही ओळखता येतो. मोठा बॅगपाइप सहसा सेशनमध्ये नसतो, कारण बंद खोलीत त्याच्यापुढे दुसरं काही ऐकूच येत नाही. तो उघड्यावर ऐकायचा. उन्हाळ्यात बऱ्याच गावांत स्थानिक पाइप बँड आठवड्यातल्या एका ठरलेल्या संध्याकाळी चौकात वाजवतो. तेही फुकट आणि मुलांसाठी उत्तम, वेळही लवकरची.

सेशनमध्ये बसण्याच्या काही रीती आहेत. कुणी त्या सांगत नाही, पण सगळे पाळतात. कोपऱ्यातलं रिकामं टेबल दिसलं म्हणून तिथे जाऊन बसू नका, ते वादकांचं असतं. ठेक्यावर टाळ्या वाजवू नका. पंचवीस माणसांच्या टाळ्या लयीच्या पुढे पळतात आणि वाजवणाऱ्यांची पंचाईत होते. धून संपल्यावर खुशाल वाजवा. फोन वादकाच्या तोंडापाशी नेऊ नका. आणि कुणी विनासाथ गायला लागलं तर अर्धवट राहिलेलं वाक्यही तिथेच थांबवा, सगळा पब थांबतो. ऑर्डर बारवर जाऊन द्यायची असते, टेबलावर कुणी विचारायला येत नाही. तुम्ही पीत नाही याचं कुणालाच काही वाटत नाही. लाइम-सोडा, संत्र्याचा रस किंवा त्यांचं लाडकं नारिंगी ‘आयर्न ब्रू’ घ्या, दोन-तीन पौंडांत होतं. मात्र चौघांत एकच पेय घेऊन दोन तास जागा अडवणं बरं दिसत नाही. त्या संगीताचा खर्च त्या विक्रीतूनच निघतो.

सासूबाई पबमध्ये येतील का, अशी शंका तुमच्या मनात असणार. मलाही दरवेळी ती शंका ऐकावी लागते, म्हणून एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या ग्रुपमध्ये साताऱ्याकडच्या एक आजी होत्या. ‘दारूच्या गुत्त्यात मी नाही यायची’ म्हणाल्या. पावसामुळे दुसरा काही पर्याय नव्हता, म्हणून सुनेसोबत आल्या. स्कायवरचा एक लहानसा पब होता, शेगडीत लाकडं जळत होती, एक कुत्रा पायाशी झोपलेला. मध्यंतरात फिडल वाजवणाऱ्या बाईंनी विचारलं, तुमच्याकडे कसली गाणी असतात? कुणीतरी आजींकडे बोट दाखवलं. आजींनी फारसे आढेवेढे न घेता जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, चार-पाच, डोळे मिटून. कुणाला शब्द कळले नाहीत. पण जातं म्हणजे काय आणि बायका पहाटे उठून दळताना हे गायच्या, एवढं मी भाषांतर करून सांगितलं. त्या फिडलवाल्या बाई म्हणाल्या, आमच्याकडेही हेच आहे. आणि त्यांनी गेलिक या तिथल्या जुन्या भाषेतलं एक ‘वॉकिंग साँग’ म्हटलं. ‘वॉक’ म्हणजे इथे चालणं नव्हे. मागावरून उतरलेलं ओलं ट्वीडचं लोकरी कापड घट्ट व्हावं म्हणून बायका फळीभोवती बसून ते तालात आपटत. एकजण ओळ म्हणे आणि बाकीच्या पालुपद धरत. नवऱ्याबद्दल, समुद्रावर गेलेल्या भावाबद्दल, सासरबद्दल. आजींनी दुसऱ्याच फेरीला टेबलावर हाताने ताल धरला. रात्री परतताना त्या गाडीत कुणाशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाल्या, ‘त्या बाईला माझा नमस्कार कळव.’ मी कळवला.

म्हणून माझा आग्रह आहे की सासूबाईंना आधी नाही म्हणू देऊ नका. तिथला पब हा निम्मा गावाचा दिवाणखाना असतो. घरातल्यासारखी तीन पिढ्यांची माणसं तिथे येऊन बसतात. आत धूम्रपान चालत नाही, स्कॉटलंडमध्ये २००६ पासून बंदी आहे. फक्त शुक्रवार-शनिवारी रात्री दहानंतर इन्व्हर्नेसच्या मध्यवस्तीतले पब गर्दीचे आणि गोंगाटाचे होतात. त्या वेळी त्यांना नेऊ नका.

आता तुमच्या मुलासाठी आणि खरं तर सगळ्यांसाठीच, सेशनहून सोयीची गोष्ट: ‘केली’. स्पेलिंगमध्ये पुष्कळ अक्षरं आहेत, पण उच्चार केली. गेलिक भाषेत मूळ अर्थ नुसता ‘भेट’, शेजाऱ्याकडे जाणं. हिवाळ्याच्या लांब रात्री एकाच्या घरी जमायचं, ज्याला जे येतं ते त्याने करायचं. गोष्ट, गाणं, वादन, नाच. आता केली म्हटलं की बहुधा गावाच्या हॉलमधला सामुदायिक नाच असतो. बँड वाजवतो, आणि एक ‘कॉलर’ प्रत्येक नाचाच्या पायऱ्या आधी सांगून करून घेतो. त्यामुळे काहीच येत नसलं तरी चालतं. गावातल्या हॉलच्या केलीला मुलं असतातच. मध्यंतरात चहा-बिस्किटं मिळतात आणि हॉलच्या छपरासाठी किंवा शाळेच्या सहलीसाठी सोडत असते. तिची तिकिटं जरूर घ्या. प्रवेश दहा-पंधरा पौंडांच्या आसपास, मुलांना कमी किंवा फुकट.

सुरुवातीला बहुतेक ‘गे गॉर्डन्स’ असतो, तो जोडीचा नाच, सोपा. पण तुम्ही वाट बघायची ती ‘डॅशिंग व्हाइट सार्जंट’ची. त्यात तिघांची एक ओळ दुसऱ्या तिघांसमोर उभी राहते. एक फेरी झाली की हातांच्या कमानीखालून पुढच्या तिघांकडे सरकायचं. आजी, आई आणि नातू अशी ओळ यासाठी अगदी चपखल, मी अशा कित्येक ओळी पाहिल्यात. पंधरा मिनिटांत निम्म्या गावाशी हात मिळवून होतात. ‘स्ट्रिप द विलो’ मात्र सासूबाईंसाठी नाही. त्यात दंडाला दंड अडकवून जोरात गिरक्या घेतात, आणि तरुण मंडळी उत्साहाच्या भरात पाहुण्याला अक्षरशः उडवतात. त्या वेळी त्यांना खुर्चीवर बसवा. ओढणी घेऊ नका, हमखास अडकते. साडी असेल तर पदर घट्ट खोचा. सपाट तळव्याचे बूट घाला, हॉलची लाकडी जमीन गुळगुळीत असते. शेवटी सगळे गोल करून निरोपाचं गाणं म्हणतात आणि शेवटच्या कडव्याला हात छातीवर आडवे करून शेजाऱ्याचे हात धरतात. तेवढ्यासाठी थांबा.

हे सगळं कळणार कसं? फोनवर शोधून निम्मंच सापडतं. बाकीचं कागदावर असतं. गावातल्या सुपरमार्केटच्या दारातला फलक, पोस्ट ऑफिसची काच, हॉलच्या दारावर चिकटवलेला पोस्टर. स्कायवर ‘वेस्ट हायलंड फ्री प्रेस’ हे साप्ताहिक घ्या, १९७२ पासून निघतंय. कोणत्या गावात काय आहे ते त्यात मिळतं. बेटावर ‘सील’ नावाची संस्था गावोगावच्या हॉलमध्ये नाटकं आणि मैफली भरवते, तिचं वेळापत्रक घरूनच बघून ठेवा. आणि मुक्कामी पोचल्यावर मालकिणीला विचारा. मात्र ‘इथे बघण्यासारखं काय?’ असं विचारू नका, तसं विचारलं की माहितीपत्रक हातात येतं. ‘तुम्ही या आठवड्यात संध्याकाळी कुठे जाणार आहात?’ असं विचारा. उत्तर वेगळं मिळतं.

मिस्टरांच्या स्कॉचकडे येऊ. इथे मी अजिबात सवलत देत नाही. स्कॉटलंडमध्ये गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा डिसेंबर २०१४ पासून १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम आहे. इंग्लंडमध्ये ती ८० आहे, त्यामुळे ‘एका पेगने काय होतंय’ हा लंडनच्या नातेवाइकांचा सल्ला इथे लागू नाही. एका पेगनंतर माणूस कायद्याच्या आत असेल की बाहेर, हे शरीरावर आणि पोटात काय आहे त्यावर ठरतं. एकपदरी वळणाच्या रस्त्यावर, चौघं गाडीत असताना, हे गणित कशाला मांडायचं? ज्या रात्री त्यांना स्कॉच घ्यायची त्या रात्री पब पायी अंतरावरचा निवडा. रात्री उशिरा टॅक्सी मिळेल या भरवशावर स्कायला राहू नका. गाड्या मोजक्या असतात, दुपारीच सांगून ठेवावं लागतं. दिवसा डिस्टिलरी बघायला गेलात तर ‘मी चालक आहे’ असं सांगा. बऱ्याच ठिकाणी चालकाच्या वाटची चव छोट्या बाटलीत भरून देतात, ती रात्री मुक्कामी घेता येते. दुकानातून मद्य विकत घ्यायचं तर सकाळी दहा ते रात्री दहा एवढीच वेळ, दहा वाजून एक मिनिटालाही देत नाहीत.

आता रात्रींचा हिशोब.

इन्व्हर्नेसला पहिल्या रात्री प्रवासाचा शीण असेल, पण ती पायी फिरण्याची सर्वांत सोपी जागा आहे. सहा-साडेसहाला जेवून घ्या. चर्च स्ट्रीटवरच्या ‘हूटनॅनी’मध्ये बहुतेक रात्री थेट संगीत असतं. अकॅडमी स्ट्रीटवरचा ‘मॅकग्रेगर्स’ हा फिडलवादक ब्रूस मॅकग्रेगर यांचा, तिथे लोकसंगीताला मान आहे. ‘गेलियन्स’ १८४१ पासूनचा. तिन्ही ठिकाणी फोन करून मुलाची वेळ विचारा आणि जिथे जमेल तिथे जा. कुठेच जमलं नाही तर नेस नदीच्या काठी ‘ईडन कोर्ट’ आहे. १९७६ साली उघडलेलं नाट्यगृह, त्यातच चित्रपटगृहही आहे. तिथे मुलाच्या वयाची अडचण येत नाही आणि कार्यक्रम साडेदहाच्या आत संपतो. त्या आठवड्यात तिथे काय आहे ते आत्ताच बघा. परतताना उजेड असेलच, नदीतल्या बेटांना जोडणाऱ्या झुलत्या पुलांवरून एक फेरी मारा. सासूबाईंनाही झेपेल, रस्ता सपाट आहे.

दुसऱ्या रात्रीसाठी माझी सगळ्यात आवडती गोष्ट: शॅनरी पॉइंट. इन्व्हर्नेसपासून गाडीने अर्ध्या तासावर, ब्लॅक आइल या द्वीपकल्पावर समुद्रात शिरलेलं वाळूचं टोक. समोर फोर्ट जॉर्ज, मध्ये अरुंद खाडी. भरती सुरू झाली की पाणी त्या चिंचोळ्या जागेतून जोरात आत येतं, त्याबरोबर सामन मासे येतात आणि माशांमागे बॉटलनोज डॉल्फिन. किनाऱ्यावर उभं राहून, कधी कधी वीस-तीस मीटरवर, ते शिकार करताना दिसतात. यासाठी वेळ घड्याळात बघायची नाही, भरतीच्या तक्त्यात बघायची. ओहोटी संपून भरती लागली की पुढचे दोन-तीन तास. जूनमध्ये ही वेळ संध्याकाळी सात-आठला आली तर दिवसाची सगळी गर्दी गेलेली असते आणि उजेड भरपूर असतो. दिसतीलच याची हमी कुणी देऊ शकत नाही. माझ्या अंदाजाने भरती साधली तर तीनपैकी दोन वेळा दिसतात. गाडी लावायची जागा लहान आहे आणि वारा बोचरा. जूनमध्येही संध्याकाळी पारा १०-१२ अंशांवर येतो, सासूबाईंना कानटोपी द्या. भरती संध्याकाळी नसेल तर त्याऐवजी कलोडनच्या माळावर जा. १६ एप्रिल १७४६ ला तिथे हायलंड्सच्या कुळांची बंडखोर फौज सरकारी सैन्याकडून हरली. ती लढाई तासाभरात संपली आणि तिथून हायलंड्सचं जुनं जग मोडत गेलं. माहिती केंद्र लवकर बंद होतं, पण माळ उघडाच असतो. तिरप्या उन्हात कुळांच्या नावांचे ते दगड बघताना मुलगा प्रश्न विचारील. उत्तरं आधी वाचून जा.

पोर्ट्रीच्या दोन रात्रींपैकी एक सूर्यास्ताला द्या आणि एक संगीताला. दोन्ही एकाच रात्री कोंबू नका. सूर्यास्त साडेदहाच्या जरा आधी होतो. नीस्ट पॉइंट सुंदर आहे, पण तासाभराचा अरुंद रस्ता आणि खाली दीपगृहाकडे जाणारी खडी पायवाट आहे. सासूबाईंनी वरच्या कड्याजवळूनच बघावं, खालून जेवढं दिसतं त्याहून वरून चांगलंच दिसतं. जेवण बरोबर न्या. वारा पडलेला असेल तर मात्र जाऊ नका. वारा पडला की मिज येतात, डोळ्यांना जेमतेम दिसणारे चावरे किडे. त्यांचा हंगाम मे अखेरपासून सप्टेंबरपर्यंत, आणि संध्याकाळ ही त्यांचीच वेळ. ढगाळ, दमट, निवांत हवा त्यांना आवडते. वाऱ्याची झुळूक जरा वाढली की त्यांना उडता येत नाही. म्हणून उघड्यावरचा बेत वाऱ्याच्या रात्री आणि पबचा बेत निवांत रात्री, असा माझा नियम आहे. पोर्ट्रीतच राहायचं तर मिस्टरांची स्कॉच त्या संगीताच्या रात्री. बाहेर जायचं तर स्लिगाहनचा पब पंधरा मिनिटांवर आहे. वॉटरनिशमधला ‘स्टाइन इन’ १७९० चा, बेटावरचा सर्वांत जुना, खाडीच्या अगदी काठाशी. पण जागा आधी राखून ठेवा, जूनमध्ये आयत्या वेळी मिळत नाही.

तुम्ही ऑरोराबद्दलही, म्हणजे उत्तरेच्या आकाशात रात्री दिसणाऱ्या रंगीत प्रकाशाबद्दलही विचारलं होतं. जूनमध्ये विसरा, आकाश पुरेसं काळं होतच नाही. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत तिथे खगोलशास्त्राच्या अर्थाने रात्र नसते. तेवढ्यासाठी यायचं तर सप्टेंबर ते मार्च. तेव्हा केअर्नगॉर्म्समधल्या टॉमिनटूल-ग्लेनलिव्हेट भागात मुक्काम करा, २०१८ साली त्याला ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे काळोख्या आकाशाचं उद्यान म्हणून मान्यता मिळाली. पण डिसेंबरात साडेतीनला सूर्य मावळतो आणि निम्मी हॉटेलं बंद असतात. ते गणित वेगळं.

फोर्ट विल्यमची रात्र सगळ्यात अवघड आहे. तुम्ही स्कायहून दमून पोचणार, आणि त्या गावात जेवणानंतर फिरावं असं फारसं काही नाही. पाऊस असेल तर कॅमेरॉन स्क्वेअरमधलं छोटं ‘हायलंड सिनेमा’ आहे, मुलाला आवडेल. पाऊस नसेल तर मी खोलीत सामान टाकून लगेच निघेन आणि अर्ध्या तासावर ग्लेनकोला ‘क्लॅहेग इन’मध्ये साडेसहाला जेवेन. गिर्यारोहकांचा अड्डा आहे. चिखलाचे बूट, मोठी टेबलं, आणि दारावर पाटी: फेरीवाल्यांना आणि कॅम्पबेलांना प्रवेश नाही. फेब्रुवारी १६९२ मध्ये याच खोऱ्यात पाहुणे म्हणून राहिलेल्या, कॅम्पबेल कुळातल्या एका अधिकाऱ्याच्या हाताखालच्या सैनिकांनी यजमान मॅकडोनल्ड कुळाच्या लोकांची कत्तल केली होती, त्याची ती आठवण. जेवताना मुलाला ही गोष्ट सांगा, मग बाहेर येऊन खोऱ्याच्या काळ्या कड्यांकडे बघा. ते त्याला दुसऱ्या कशाने समजणार नाही. साडेनऊपर्यंत परत निघा. उजेड असला तरी ती हरणं रस्त्यावर उतरण्याची वेळ आहे. एक ओलांडून गेलं की लगेच वेग वाढवू नका, मागे बहुतेक दुसरं असतं.